रास्पबेरी पायवर लायब्ररी बसत नसेल तर नकार कोण देतंय ते आधी शोधा

रास्पबेरी पाय या छोट्या, एकाच बोर्डाच्या संगणकावर पायथनची एखादी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, टाकायला घ्यावी आणि स्क्रीनभर एरर यावी, हे इतकं नेहमीचं आहे की बरेच जण तिथेच प्रोजेक्ट सोडून देतात. जे सोडत नाहीत त्यांचे हाल वेगळे. कुठून कुठून मिळालेल्या कमांड एकामागून एक चिकटवल्या जातात, `सुडो` (प्रशासकाचे अधिकार) लावून `पिप` (पायथनच्या लायब्रऱ्या बसवणारं साधन) चालवलं जातं, फायलींच्या परवानग्या ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं, केल्या जातात. सकाळी एक अडचण होती, संध्याकाळपर्यंत तिच्या चार होतात आणि पहिली कोणती होती हेही आठवत नाही.

माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. लायब्ररी सहसा ठणठणीत असते. तिला आत येऊ न देणारा दुसराच कुणीतरी असतो: प्रोसेसर, सिस्टिमची आवृत्ती, पायथनची आवृत्ती, अपुरी मेमरी, खराब कार्ड, चुकलेलं घड्याळ किंवा कमी पडणारी वीज. नकार कोणाचा आहे हे कळलं की उपाय बहुतेक वेळा एका ओळीत संपतो. कळलं नाही, तर शंभर ओळी टाइप करूनही काही हाती लागत नाही.

लेख रास्पबेरी पाय ओएस या डेबियन लिनक्सवर आधारलेल्या सिस्टिमबद्दल आहे, मुख्यतः तिच्या २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या बुकवर्म या आवृत्तीबद्दल आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ट्रिक्सीबद्दल. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत टाइप करायच्या. स्पेलिंग चकवण्यासारखं असेल तिथे अक्षरं फोडून दिली आहेत.

आधी बोर्डाची ओळख करून घ्या

काहीही दुरुस्त करण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक निर्णय यांच्यावर अवलंबून आहे.

`कॅट /प्रॉक/डिव्हाइस-ट्री/मॉडेल`
`कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज`
`डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर`
`पायथन३ --व्हर्जन`

पहिल्या कमांडने बोर्डाचं मॉडेल कळतं, दुसरीने सिस्टिमची आवृत्ती. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. उत्तर `आर्मएचएफ` आलं तर तुमची सिस्टिम ३२ बिटची, `आर्म६४` आलं तर ६४ बिटची. इथे अनेक जण `युनेम -एम` वापरतात आणि फसतात. पाय ४ वर ३२ बिटची सिस्टिम असली तरी खाली कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ६४ बिटचा चालू शकतो. `युनेम` कर्नलचं उत्तर देतं, लायब्रऱ्या मात्र वरच्या ३२ बिटच्या सिस्टिमवर बसायच्या असतात. म्हणून `डीपीकेजी`लाच विचारा.

हे कशासाठी, तर टेन्सरफ्लो आणि पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्रऱ्यांची अधिकृत तयार पॅकेजेस ३२ बिटच्या आर्मसाठी मिळत नाहीत. ३२ बिटच्या कार्डावर ती बसवायचा प्रयत्न केला की `नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन फाउंड` एवढंच उत्तर येतं आणि माणूस स्पेलिंग तपासत बसतो. पाय ३, पाय ४, पाय ५ आणि झीरो २ डब्ल्यू ६४ बिटची सिस्टिम चालवू शकतात. पहिला पाय आणि जुने झीरो व झीरो डब्ल्यू मात्र आर्मव्ही६ या जुन्या रचनेचे आहेत, त्यांना ३२ बिटशिवाय पर्याय नाही. मशीन लर्निंग करायचं असेल आणि बोर्ड ६४ बिटचा असेल, तर ३२ बिटवर झगडण्यापेक्षा कार्ड नव्याने ६४ बिटचं लिहिणं कितीतरी स्वस्त पडतं.

चौथी कमांड पायथनची आवृत्ती सांगते. बुकवर्मच्या आधीच्या बुल्सआयवर ३.९, बुकवर्मवर ३.११, ट्रिक्सीवर ३.१३. नवी सिस्टिम आली की काही लायब्रऱ्या तिच्या पायथनपर्यंत उशिरा पोचतात, विशेषतः मीडियापाइपसारख्या मोठ्या. एखादा प्रोजेक्ट बुकवर्मवर चालत होता आणि ट्रिक्सीवर चालत नाही, याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

वीज, कार्ड आणि घड्याळ

हे तीन संशयित सॉफ्टवेअरच्या एररमागे लपतात, म्हणून यांची चौकशी आधी.

विजेसाठी: `व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड`

उत्तर `०एक्स०` आलं तर सगळं ठीक. `०एक्स५०००५` आलं तर या क्षणी व्होल्टेज कमी पडतंय आणि त्यामुळे प्रोसेसरचा वेग दाबला जातोय. `०एक्स५००००` म्हणजे आत्ता ठीक आहे, पण बोर्ड चालू केल्यापासून कधीतरी तसं घडून गेलंय. पायवरचा पहारा ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की ही नोंद करतो. लायब्ररी कंपाइल होताना, म्हणजे सोर्स कोडपासून बोर्डावरच बांधली जाताना, चारही कोअर पूर्ण ताकदीने चालतात आणि नेमकी तेव्हाच वीज कमी पडते. मग बोर्ड मध्येच रीस्टार्ट होतो किंवा कार्डावर अर्धवट फायली राहतात. मोबाइलचा चार्जर आणि बारीक वायरची केबल हे नेहमीचं कारण. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो, पाय ५ ला ५ अँपिअरचा. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत अडॅप्टर घेताना नुसत्या लेबलवर जाऊ नका. घरी आणून एखादी जड गोष्ट चालवा आणि वरची कमांड पुन्हा मारा. खरं काय ते तीच सांगेल.

कार्डासाठी `डीएफ -एच` मारा आणि `/` या ओळीत किती जागा उरली ते बघा. जागा भरपूर दिसत असूनही `नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस` येत असेल, तर `डीएफ -एच /टीएमपी` बघा. काही सिस्टिमवर `/टीएमपी` हा फोल्डर कार्डावर नसून रॅममध्ये असतो आणि `पिप` आपलं सगळं तात्पुरतं सामान तिथेच टाकतं. उपाय सोपा आहे:

`एमकेडीआयआर ~/टीएमपी`
`टीएमपीडीआयआर=~/टीएमपी पिप इन्स्टॉल लायब्ररीचं-नाव`

यात दुसऱ्या ओळीतलं `टीएमपीडीआयआर` मोठ्या अक्षरांत टाइप करायचं.

`रीड-ओन्ली फाइल सिस्टिम` असं दिसलं तर मात्र थांबा. `सुडो डीमेसेज` (डी-एम-ई-एस-जी) मारून त्यात `एमएमसीबीएलके०` या नावापुढे एरर आहेत का बघा. असतील तर कार्ड जायला लागलंय. आधी डेटा काढून घ्या, लायब्ररीचं नंतर. स्वस्तात मिळालेल्या कार्डावर छापलेली क्षमता खरी आहे का, हे `एफ३` नावाच्या पॅकेजने तपासता येतं.

घड्याळाचं प्रकरण आपल्याकडच्या कॉलेजच्या लॅबमध्ये वारंवार दिसतं. पाय ५ च्या आधीच्या बोर्डांवर स्वतःचं घड्याळ नाही, आणि पाय ५ वर असलं तरी त्याला बॅटरी वेगळी लावावी लागते. बोर्ड चालू झाला की तो नेटवरून वेळ घेतो. कॅम्पसच्या नेटवर्कवर वेळ देणारं पोर्ट बंद असेल, तर पाय मागच्याच तारखेत राहतो. मग `ॲप्ट` (सिस्टिमची पॅकेजेस बसवणारं साधन) म्हणतं `रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट` आणि `पिप` सर्टिफिकेटची तक्रार करतं. लोक सर्टिफिकेट तपासणी बंद करायचे उपाय शोधायला लागतात. ते करू नका. `टाइमडेटसीटीएल` मारून तारीख बघा आणि चुकीची असेल तर हाताने बसवा:

`सुडो डेट -एस "२०२६-०१-१५ १०:३०"`

अवतरणचिन्हांत त्या वेळची खरी तारीख आणि वेळ टाका.

ॲप्ट अडकलं असेल तर

सुरुवात नेहमी `सुडो ॲप्ट अपडेट`ने. ४०४ च्या, म्हणजे फाइल सापडली नाही म्हणणाऱ्या, एरर बऱ्याचदा एवढ्यानेच जातात, कारण पायकडची यादी जुनी असते आणि सर्व्हरवर त्या आवृत्तीचं पॅकेज आता नसतं.

`कुड नॉट गेट लॉक` आलं तर दुसरी कुठली तरी प्रक्रिया पॅकेज बसवतेय. डेस्कटॉप चालू झाल्यावर अपडेट तपासणारा प्रोग्रॅम हे करतो. दहा मिनिटं थांबा. लॉक फाइल पुसायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण चालू असलेलं इन्स्टॉलेशन मध्येच तोडण्याचा तो सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. `पीएस ऑक्स | ग्रेप ॲप्ट` (पहिला शब्द पी-एस, दुसरा ए-यू-एक्स, तिसरा जी-आर-ई-पी) करून खरंच काही चालू आहे का ते बघून मगच पुढे जा.

इन्स्टॉलेशन चालू असताना लाइट गेली तर पुढच्या वेळी `डीपीकेजी वॉज इंटरप्टेड` असं वाक्य येतं. उत्तर त्या वाक्यातच दिलेलं असतं:

`सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए`
`सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल`

या दोन ओळी या क्रमाने चालवल्या की बहुतेक वेळा सिस्टिम रुळावर येते.

`अनमेट डिपेन्डन्सीज` ही एरर यांच्यापेक्षा गंभीर. तिच्यामागे बऱ्याचदा परकं भांडार असतं. कुणीतरी उबंटूसाठी लिहिलेल्या सूचना वाचून पीपीए (उबंटूसाठीचं बाहेरचं भांडार) जोडलेलं असतं, किंवा बुकवर्मच्या यादीत एक ओळ ट्रिक्सीची घातलेली असते. `/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट` आणि त्याशेजारचा `सोर्सेस.लिस्ट.डी` हा फोल्डर उघडून बघा. अनोळखी ओळ दिसली तर तिच्या आधी `#` लावून ती बंद करा आणि पुन्हा अपडेट करा. एखादं पॅकेज कुठून येतंय ते `ॲप्ट-कॅश पॉलिसी पॅकेजचं-नाव` सांगतं. एका मोठ्या आवृत्तीवरून दुसरीवर जायचं असेल, तर रास्पबेरी पायचा स्वतःचा सल्लाही नवं कार्ड लिहिण्याचाच आहे. तो ऐका.

'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट'

बुकवर्मपासून सगळ्यात जास्त लोकांना अडवणारी एरर ही. जुन्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत `पिप३ इन्स्टॉल` असं सरळ लिहिलेलं असतं, तुम्ही तेच टाइप करता आणि सिस्टिम नाही म्हणते.

हा बिघाड नाही. पायवरचा पायथन सिस्टिमचा आहे. थॉनी हा कोड लिहायचा प्रोग्रॅम, कॅमेऱ्याची साधनं, आणखी बरंच काही त्याच पायथनवर चालतं आणि त्याची देखभाल `ॲप्ट` करतं. `पिप`ने त्याच जागी वेगळ्या आवृत्त्या आणून टाकल्या की दोघांचे हिशोब जुळत नाहीत आणि एखाद्या अपडेटनंतर डेस्कटॉपवरचं काहीतरी बंद पडतं. म्हणून डेबियनने `पिप`ला त्या जागेत यायला मनाई केली. `--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस` हा पर्याय लावला तर मनाई उठते, पण पर्यायाचं नावच तो काय करणार ते सांगतं. पायथनच्या फोल्डरमधली मनाईची फाइल पुसून टाकायचाही सल्ला दिला जातो. माझं स्पष्ट मत आहे की या दोन्ही गोष्टी, दुसऱ्या दिवशी कार्ड पुसायचं असेल तरच कराव्यात.

योग्य क्रम असा. आधी `ॲप्ट`कडे बघा:

`ॲप्ट सर्च पायथन३-ओपनसीव्ही`
`सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-ओपनसीव्ही`

नमपाय, ओपनसीव्ही, पिलो, फ्लास्क, पायसिरीयल, जीपीआयओझीरो असं नेहमी लागणारं बहुतेक सगळं `पायथन३-` या उपसर्गाने `ॲप्ट`मध्ये असतं. आवृत्ती थोडी जुनी मिळते. बुकवर्ममधला ओपनसीव्ही ४.६ चा आहे. कॅमेऱ्यातून चित्र घेऊन रंग ओळखायला किंवा कडा शोधायला तो पुरेसा आहे. इथे मिनिटभरात काम होतं आणि कंपाइल करायचा प्रश्नच येत नाही.

`ॲप्ट`मध्ये नसेल किंवा नवीच आवृत्ती हवी असेल, तर प्रोजेक्टसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा. कमांडमध्ये त्याचं नाव `व्हेन्व` (व्ही-ई-एन-व्ही):

`पायथन३ -एम व्हेन्व --सिस्टम-साइट-पॅकेजेस ~/प्रोजेक्ट/एन्व्ह`
`सोर्स ~/प्रोजेक्ट/एन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट`
`पिप इन्स्टॉल लायब्ररीचं-नाव`

`--सिस्टम-साइट-पॅकेजेस` हा भाग इतर संगणकांवर सहसा लागत नाही, पायवर मात्र तो महत्त्वाचा आहे. कॅमेरा चालवणाऱ्या पायकॅमेरा२ सारख्या लायब्रऱ्या बोर्डाच्या हार्डवेअरशी बांधलेल्या असतात आणि त्या `ॲप्ट`मधूनच घ्यायच्या असतात. हा पर्याय दिला की एन्व्हायर्नमेंटच्या आतून त्या दिसतात आणि बाकीचं तुम्ही `पिप`ने वर रचता.

तयार व्हील आहे का?

`पिप` दोन पद्धतींनी लायब्ररी बसवतं. तयार बांधलेलं पॅकेज मिळालं, त्याला व्हील म्हणतात, तर ते उतरवून उघडतं. मिळालं नाही तर सोर्स कोड आणून तुमच्याच बोर्डावर कंपाइल करतं. पायवरची निम्मी डोकेदुखी या दुसऱ्या वाटेवर आहे.

३२ बिटच्या सिस्टिमसाठी पायव्हील्स नावाचं भांडार आहे. तिथे पायसाठीच आधी कंपाइल केलेली व्हील्स ठेवलेली असतात आणि रास्पबेरी पाय ओएसमध्ये त्याचा पत्ता `/ईटीसी/पिप.कॉन्फ` या फाइलमध्ये लिहिलेलाच येतो. कुणी ती फाइल बदलली असेल तर `पिप` गपचूप कंपाइल करायला लागतं. ६४ बिटवर व्हील्स पायथनच्या मुख्य भांडारातून, म्हणजे पायपीआयमधून, येतात.

व्हीलचं नाव वाचता आलं की बराच अंदाज आधीच येतो. नमपायचं एक नाव बघा: `नमपाय-१.२६.४-सीपी३११-सीपी३११-मेनीलिनक्स_२_१७_एआर्च६४`. पहिला आकडा लायब्ररीची आवृत्ती. `सीपी३११` म्हणजे पायथन ३.११ साठीच, ३.१३ वर ते बसणार नाही. `मेनीलिनक्स_२_१७` म्हणजे सिस्टिमची जीलिबसी (जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती सी भाषेची मूळ लायब्ररी) २.१७ किंवा त्याहून नवी हवी. शेवटचं `एआर्च६४` (सुरुवातीला दोनदा ए) म्हणजे ६४ बिटचा आर्म. पायपीआयवर लायब्ररीच्या फायलींची यादी उघडा आणि तुमच्या कागदावरच्या चार गोष्टींशी ताडून बघा. जुळणारं नाव नसेल तर कमांड मारण्याआधीच पुढे काय होणार ते तुम्हाला ठाऊक असतं.

कंपाइल करण्याच्या भानगडीत पडायचंच नसेल तर `पिप`ला तसं बजावता येतं:

`पिप इन्स्टॉल --ओन्ली-बायनरी=:ऑल: लायब्ररीचं-नाव`

व्हील असेल तर बसेल, नसेल तर दोन मिनिटांत नकार कळेल. रात्रभर वाट बघून सकाळी तोच नकार मिळण्यापेक्षा हे बरं. जुनी आवृत्ती चालत असेल तर `--प्रिफर-बायनरी` लावा, म्हणजे नव्या सोर्सपेक्षा जुन्या तयार व्हीलला पसंती मिळते.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मोठं व्हील अर्ध्यात तुटलं की `दीज पॅकेजेस डू नॉट मॅच द हॅशेस` अशी भीतीदायक एरर येते. बहुतेकदा फाइल अपुरी उतरलेली असते. `पिप कॅश पर्ज` करा आणि `--टाइमआउट १००` लावून पुन्हा चालवा.

कंपाइल करावंच लागलं तर लॉग कसा वाचायचा

बिल्ड फसलं की सगळ्यात खाली एक वाक्य असतं: ही एरर उपप्रक्रियेतून आली आहे, `पिप`चा दोष नसावा. लोक तेच वाक्य कॉपी करून मदत मागतात आणि त्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. कामाची ओळ वर असते. आधी लॉग फाइलमध्ये घ्या, मग पहिली एरर शोधा:

`पिप इन्स्टॉल लायब्ररीचं-नाव २>&१ | टी लॉग.टीएक्सटी` (`टी` म्हणजे टी-ई-ई)
`ग्रेप -एन -आय एरर लॉग.टीएक्सटी | हेड`

आता समजा सीएफएफआय ही लायब्ररी बसवताना वरच्या बाजूला ही ओळ सापडली: `फेटल एरर: एफएफआय.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी`. खालच्या पन्नास ओळी या एका ओळीचे परिणाम आहेत. नावाच्या शेवटी `.एच` असलेली फाइल ही सी भाषेची हेडर फाइल असते आणि डेबियनमध्ये हेडर फायली `-डेव्ह` नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये येतात. म्हणून उपाय `सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबएफएफआय-डेव्ह`. याच न्यायाने `पायथन.एच` सापडली नाही तर `पायथन३-डेव्ह`, ओपनएसएसएलच्या हेडरसाठी `लिबएसएसएल-डेव्ह`. पिलोने जेपेगची तक्रार केली तर `लिबजेपेग-डेव्ह` आणि `झेडलिब१जी-डेव्ह` (झेडलिबचं स्पेलिंग झेड-एल-आय-बी), एलएक्सएमएलसाठी `लिबएक्सएमएल२-डेव्ह` आणि `लिबएक्सएसएलटी१-डेव्ह`. पॅकेजचं नाव सुचत नसेल तर `ॲप्ट-फाइल` बसवा, `सुडो ॲप्ट-फाइल अपडेट` करा आणि `ॲप्ट-फाइल सर्च एफएफआय.एच` असं विचारा. हे एक साधन हाताशी असलं की पाठांतराची गरज उरत नाही.

दुसरा प्रकार मेमरीचा. चेहरा ओळखून हजेरी लावणारा प्रोजेक्ट घ्या. त्याला फेस रेकग्निशन लायब्ररी लागते, तिला डीलिब लागते, आणि पायपीआयवर डीलिब फक्त सोर्स स्वरूपात आहे. झीरो २ डब्ल्यूवर रॅम ५१२ एमबी. सी++ चे चार कंपायलर एकाच वेळी सुरू झाले की मेमरी संपते, बोर्ड गोठतो आणि शेवटी लॉगमध्ये येतं: `किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस`. `सुडो डीमेसेज | टेल` मध्ये `आउट ऑफ मेमरी` दिसलं की खात्री पटली.

यावर दोन गोष्टी एकत्र करायच्या. तात्पुरती स्वॅप फाइल, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची कार्डावरची जागा, द्यायची:

`सुडो फॅलोकेट -एल १जी /स्वॅपफाइल`
`सुडो सीएचमॉड ६०० /स्वॅपफाइल`
`सुडो एमकेस्वॅप /स्वॅपफाइल`
`सुडो स्वॅपऑन /स्वॅपफाइल`

आणि एका वेळी एकच कंपायलर चालेल असं बघायचं:

`सीमेक_बिल्ड_पॅरलल_लेव्हल=१ मेकफ्लॅग्ज=-जे१ पिप इन्स्टॉल डीलिब`

(`=` च्या आधीची दोन्ही नावं मोठ्या अक्षरांत.) आधी `सुडो ॲप्ट इन्स्टॉल सीमेक बिल्ड-इसेन्शियल पायथन३-डेव्ह` करून घ्या. हे काम तासन् तास चालतं, म्हणून दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने जोडलेले असाल तर आधी `टीमक्स` सुरू करा, नाहीतर वायफाय तुटलं की बिल्डही तुटेल. काम झाल्यावर `सुडो स्वॅपऑफ /स्वॅपफाइल` करून फाइल पुसून टाका. कार्डावर सतत स्वॅप चालू राहिली तर कार्ड लवकर झिजतं.

बसली, पण इम्पोर्ट होत नाही

`इम्पोर्ट नमपाय` केलं आणि `लिबओपनब्लास.एसओ.०: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल` आलं. पायव्हील्सवरची व्हील्स सिस्टिममधल्या काही लायब्रऱ्या वापरतात आणि `पिप` त्या आणून देत नाही. इथे `सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबओपनब्लास०`. जुन्या लेखांत याच ठिकाणी `लिबॲटलास-बेस-डेव्ह` सांगितलेलं असतं, पण ट्रिक्सीमध्ये ते पॅकेज मिळत नाही. डेस्कटॉप नसलेल्या सिस्टिमवर ओपनसीव्हीने `लिबजीएल.एसओ.१` मागितलं, तर खिडक्या दाखवायच्या नसल्याने `ओपनसीव्ही-पायथन` काढून `ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस` टाकणं जास्त शहाणपणाचं.

बुकवर्मवर कॅमेऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये एक एरर फार छळते: `नमपाय.डीटाइप साइज चेंज्ड`, आणि पुढे अपेक्षित ९६, मिळाले ८८ असे आकडे. घडतं असं. `ॲप्ट`मधून आलेला पायकॅमेरा२ आणि त्याच्या सोबतच्या लायब्रऱ्या सिस्टिमच्या नमपाय १.२४ साठी कंपाइल झालेल्या असतात. तुम्ही `व्हेन्व`मध्ये `पिप`ने नवा ओपनसीव्ही टाकता, तो स्वतःबरोबर नमपाय २ घेऊन येतो. आता एन्व्हायर्नमेंटमध्ये नवा नमपाय पुढे उभा आणि मागचा कॅमेरा जुन्याच्या मापाने शिवलेला. ओपनसीव्हीला दोष देऊन तो परत परत बसवण्यात अर्थ नाही. `पिप इन्स्टॉल "नमपाय<२"` करा. `पिप` नव्या ओपनसीव्हीबद्दल कुरकुरलं, तर `ॲप्ट`चाच ओपनसीव्ही वापरा. तो आणि पायकॅमेरा२ एकाच नमपायवर बांधलेले आहेत.

`इलिगल इन्स्ट्रक्शन` म्हणजे प्रोसेसरचा नकार, जुन्या झीरोवर नव्या आर्मसाठी बांधलेला प्रोग्रॅम चालवला की हे होतं. `जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड` म्हणजे सिस्टिमचा नकार. बुल्सआयमध्ये जीलिबसी २.३१ आहे, बुकवर्ममध्ये २.३६. जीलिबसी हाताने वर चढवायच्या फंदात पडू नका, ती बिघडली की साधी `एलएस` कमांडसुद्धा चालत नाही. नवी सिस्टिम लिहा.

पाय ५ वर जीपीआयओचा, म्हणजे बोर्डावरच्या पिना चालवणारा, जुना कोड चालवला की `कॅनॉट डिटरमिन एसओसी पेरिफेरल बेस ॲड्रेस` येतं. पाय ५ वर पिना आरपी१ या वेगळ्या चिपकडे गेल्या आहेत आणि जुनी आरपीआय.जीपीआयओ लायब्ररी तिला ओळखत नाही. `सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३-आरपीआय.जीपीआयओ` आणि मग `सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-आरपीआय-एलजीपीआयओ`. तुमच्या कोडमधली इम्पोर्टची ओळ तशीच राहते. `व्हेन्व`मध्ये `पिप`ने जुनी लायब्ररी टाकलेली असेल तर तीही काढा, नाहीतर आधी तीच सापडेल.

आणि `मॉड्यूल नॉट फाउंड`. लायब्ररी बसलेली असते, पण स्क्रिप्ट वेगळाच पायथन चालवत असते. `सुडो पायथन३` लिहिलं की तुमचं एन्व्हायर्नमेंट बाजूला राहतं आणि सिस्टिमचा पायथन चालतो. जीपीआयओसाठी सहसा `सुडो` लागत नाही. लागलंच तर पूर्ण पत्ता द्या: `सुडो ~/प्रोजेक्ट/एन्व्ह/बिन/पायथन`. स्क्रिप्ट आपोआप सुरू करणाऱ्या क्रॉनमध्ये आणि सिस्टमडीच्या सर्व्हिसमध्येही हाच पूर्ण पत्ता, तिथे `~` न लिहिता `/होम/`पासून.

चालू झालं की लगेच

`पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी` करा आणि सुरुवातीच्या चार गोष्टी त्याच फोल्डरमध्ये एका फाइलीत लिहून ठेवा. डेस्कटॉपवरच्या ॲक्सेसरीजमध्ये एसडी कार्ड कॉपिअर आहे, यूएसबी रीडरमध्ये दुसरं कार्ड घालून त्याची नक्कल काढा आणि ते कार्ड बोर्डात घालून प्रोजेक्ट खरंच सुरू होतो का तेही बघा. `सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड` त्यानंतरच, आणि व्हायव्हाच्या किंवा प्रदर्शनाच्या आदल्या रात्री तर मुळीच नको.